आठव्या दिवसाचा निगेटिव्ह अहवाल पुरेसा नाही

असुरक्षित संबंधानंतर आठव्या दिवशी एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे काळजी मिटली, हे तुमच्या लेखातील विधान कृपया दुरुस्त करावे. लागण झाली तरी ती चाचणीत दिसू लागेपर्यंत काही काळ जातो. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेल्या चौथ्या पिढीच्या (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणाऱ्या) चाचणीत लागण दिसायला संबंधानंतर साधारण १८ ते ४५ दिवस लागतात, तर बोटाला टोचून केलेल्या रॅपिड चाचणीवर भिस्त ठेवायची असेल तर ९० दिवसांनी ती पुन्हा करावी लागते.

मात्र थांबायचे ते चाचणीसाठी, औषधासाठी नव्हे. कंडोम फाटला असेल किंवा वापरलाच नसेल, तर ७२ तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि त्यांनी दिलेल्या पेपच्या (संबंधानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या) गोळ्या २८ दिवस न चुकता घ्याव्यात. मी मुंबईत समुपदेशनाचे काम करते. घरी कळेल या धास्तीने केसपेपरच्या रांगेतूनच माघारी फिरणारी तरुण मुले पाहिली की जीव तुटतो, कारण सरकारी आणि पालिका रुग्णालयांतील आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती व गोपनीयता बंधनकारक आहे. आधी फोनवरच बोलायचे असल्यास १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक आहे.