बारा मिनिटांची शर्यत, पाच दिवसांची वरात

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-कळंबच्या पट्ट्यात ‘शर्यत पाहायला चाललो’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘‘कुठं भरला पट?’’ शर्यत म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत, हे इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. २०१४ मध्ये न्यायालयाच्या बंदीनं पट बंद पडले. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल पटाच्या बाजूनं लागला आणि धुरकऱ्यांनी, म्हणजे पटात जोडी हाकणाऱ्यांनी, मोकळा श्वास घेतला. मधल्या काळात गावातल्या काहींनी शर्यतीची तलफ मोबाइलवर मोटारसायकलींच्या शर्यती पाहून भागवली. तिथवर सगळं फुकट होतं. ‘एकदा तिथं जाऊनच पाहू’ असं कोणीतरी म्हणतो आणि भोग सुरू होतात.

जायचं कुठं, हा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या मोटारसायकल शर्यती मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैला होतात. हा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. क्लब १९५३ चा. आधी शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानांच्या धावपट्टीवर व्हायच्या, मग हा ट्रॅक झाला. एक फेरी ३.७ किलोमीटरची. १६५ सीसीची गाडी ती दोन मिनिटांच्या आसपास मारते. शर्यत सहा फेऱ्यांची असली तर बारा मिनिटांत खेळ खलास. गाव सोडल्यापासून गावात परत येईपर्यंत पाच दिवस जातात. हा हिशेब घरच्यांसमोर तोंडी करू नये, कागदावर तर मुळीच नाही.

घरची परवानगी हा बेताचा सर्वांत अवघड भाग. शर्यतींचे टप्पे येतात जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान, म्हणजे नेमके शेतीच्या मानेवर. जूनमध्ये पेरणी. जुलैत डवरणी आणि निंदण. ऑगस्टमध्ये पऱ्हाटीवर फवारणी. मग पोळा. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची सोंगणी, आणि ते संपत नाही तोच कापूस फुटतो. शर्यत पोळ्याला लागून आली तर ती तारीख मुकाट्यानं सोडावी. ज्या दिवशी बैलांची खांदेमळणी, त्या दिवशी घरचा माणूस इंजिनाच्या मागं गेला तर बैल एकवेळ माफ करतील, आबाजी करणार नाहीत. माझ्या मते दुसरी डवरणी आटोपून पोळा यायच्या आधीची जी दहा-बारा दिवसांची फट असते, तीच आपली. त्या फटीत शर्यत नसली तर यंदाचं वर्ष गेलं समजायचं.

परवानगीचा अर्ज कसा लिहायचा, यालाही पद्धत आहे. ट्रॅकपासून जवळच श्रीपेरुंबुदूर आहे, रामानुजाचार्यांचं जन्मस्थान. ही माहिती मायच्या कानावर घालावी. तिथून पुढं तीसेक किलोमीटरवर कांचीपुरम. ही माहिती बायकोच्या कानावर घालायची की नाही, हे ज्यानं त्यानं आपली ऐपत पाहून ठरवावं. एकदा ‘कांचीपुरम’ हा शब्द घरात उच्चारला की शर्यतीची परवानगी अर्ध्या मिनिटात मिळते, पण बजेटमधला सर्वांत मोठा आकडा रेल्वेचा राहत नाही, लॉजचा राहत नाही, साडीचा होतो. शिवाय साडीचा अस्सल जर कसा ओळखायचा ते आपल्याला येत नाही, हे घरी आल्यावर पाच मिनिटांत सिद्ध होतं.

आता सोबती. बेत पानठेल्यावर होतो तेव्हा सात जण तयार असतात. पैसे काढायच्या दिवशी चार उरतात आणि आदल्या रात्री एकाच्या सासरी काहीतरी निघतंच. म्हणून आधी पैसे घ्यावेत, मग नाव लिहावं. एकाच पीएनआरवर चौघं असले तरी एकट्याचं तिकीट रद्द करता येतं. हे माहीत नसल्यामुळं कित्येक जण रिकाम्या बर्थवर पिशव्या झोपवून नेतात.

या टप्प्यावर कोणीतरी हमखास म्हणतो, ‘‘रेल्वे कायले पाह्यजे? आपन गाडीनंच जाऊ ना बे!’’ त्याला बसवून चहा पाजावा आणि शांतपणे समजवावं. पांढरकवड्याहून ४४ नंबरचा हायवे पकडून आदिलाबाद, हैदराबाद आणि पुढं चेन्नई, म्हणजे जवळपास हजार किलोमीटर. शंभर-सव्वाशे सीसीची एअरकूल गाडी दोन माणसं आणि सामान घेऊन साठच्या वर पळवू नये. थांबे धरून ताशी चाळीस-पंचेचाळीसची सरासरी पडते. म्हणजे बावीस-चोवीस तास नुसतं बुडाखाली सीट. वाटेत पहिली तक्रार चेन करते. रिकाम्या गाडीवर चेनचा ढिलेपणा दोन-तीन सेंटिमीटर ठेवलेला असतो. डबल सीट बसलं की मागचा भाग दबतो आणि चेन ताणते. गावच्या मिस्त्रीनं ‘जरा टाइट करून देतो’ म्हणत ती आधीच ताणली असेल, तर तेलंगणात कुठंतरी स्प्रॉकेटचे दात झिजून शार्कसारखे टोकदार होतात. वरून पाऊस. पाण्यानं चेनवरचं तेल धुऊन जातं, म्हणून दर पाचशे किलोमीटरला, आणि भिजली तर त्याच संध्याकाळी, तेल द्यावं लागतं. क्लचची केबल तुटते ती नेमकी शहराच्या गर्दीत, कारण क्लच तिथंच शंभरदा दाबला जातो. जाणते लोक नवी केबल जुन्या केबलला खेटूनच बांधून नेतात. तुटली की फक्त टोकं बदलायची. प्लग, ट्यूब, पंक्चरचं सामान, चेनचं लॉक, दहा-बाराचे पाने हे सगळं घ्यायचं आणि ते मागच्या कॅरिअरवर एकदम टोकाला बांधायचं नाही. वजन मागच्या आसाच्या मागं गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. एवढं ऐकून चहा संपतो. तोही म्हणतो, ‘‘रेल्वेच बरी.’’

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. ऑक्टोबर २०२४ पर्यंत हे एकशेवीस दिवस होतं. तेव्हा माणूस पेरणीआधीच सोंगणीच्या काळातलं तिकीट काढून मोकळा व्हायचा. गोची अशी की शर्यतीच्या तारखा पुढंमागं होतात. तिकीट पक्कं असतं आणि शर्यत सरकलेली असते. उलटही होतं. मग तत्काळ. आदल्या दिवशी एसीचं दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, आणि आता ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी लागते. ती आधीच करून ठेवावी. अकरा वाजून एका मिनिटानं ओटीपीची वाट पाहत बसणाऱ्यासाठी गाडी थांबत नाही, आणि आमच्या गावात त्याच वेळी लाइन जाते, हा काही योगायोग वाटत नाही. वेटिंगवर भरवसा ठेवून स्टेशनवर जाऊ नये. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं.

स्टेशन सेवाग्राम, वर्धा नाही. हा घोळ दर वर्षी कोणी ना कोणी घालतो. मुंबईच्या गाड्या वर्ध्याहून जातात, चेन्नईची लाइन सेवाग्रामहून बल्लारशाकडं वळते. बुकिंगमध्ये एसईजीएम हा कोड टाकायचा. सुपरफास्ट गाड्या सगळ्याच तिथं थांबत नाहीत. थांबत नसेल तर उलटं नागपूर गाठायचं आणि त्याच गाडीतून आपल्याच जिल्ह्याच्या उशाला टाटा करत जायचं. उतरायचं स्टेशन एमएएस, चेन्नई सेंट्रल. त्याला २०१९ पासून एम. जी. रामचंद्रन यांचं लांबलचक नाव आहे. बोर्डावरचं ते वाचत बसलं तर गाडी यार्डात जाते.

प्रवास हजारेक किलोमीटरचा, रात्र धरून. डब्यात दशम्या, तिळाची चटणी आणि ठेचा. दशमी दुधात भिजवलेली असल्यानं दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पोळी सकाळपर्यंत चामडं होते. ठेचा शेजारच्याला देताना आधी सांगावं. तिकडचा माणूसही तिखट खातो, पण त्याचं तिखट सांबारात विरघळलेलं असतं. आपलं थेट येऊन भिडतं.

चेन्नईत उतरल्यावर ‘इरुंगाट्टुकोट्टै’ म्हणायचा प्रयत्न करू नका. जीभ अडकते आणि समोरचा दुसऱ्याच गावाचा भाव सांगतो. ‘रेस ट्रॅक, श्रीपेरुंबुदूर रोड’ एवढं पुरतं. बंगळूरच्या हायवेवर पूंदमल्ली ओलांडून पुढं ह्युंदाईचा कारखाना लागतो, तोच भाग. सेंट्रलपासून चाळीसेक किलोमीटर. लॉज शहरात घेऊ नये. स्वस्त वाटतं, पण सकाळी दोन तास रस्त्यातच जातात आणि सरावाच्या फेऱ्या बसमध्ये बसून होतात. पूंदमल्ली किंवा श्रीपेरुंबुदूरला मुक्काम धरावा. रविवारी परतीची गाडी रात्रीची घ्यावी. संध्याकाळची घेणारा माणूस शेवटची शर्यत न पाहता, निकाल न कळता, फाटकातून पळताना दिसतो.

उन्हाबद्दल आपल्याला अभिमान आहे. सेहेचाळीसमध्ये लग्न लावणारे आपण. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाला मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलींची जागतिक शर्यत, झाली, तिथं उष्म्यामुळं मुख्य शर्यत चोवीस फेऱ्यांवरून एकवीसवर आणली. मार्को बेझेकी जिंकला. ते वाचून पानठेल्यावर लोक हसले होते. पण चेन्नईत हा अभिमान पहिल्या तासातच घामासोबत वाहून जातो. आपलं ऊन कोरडं असतं. घाम येतो, उडतो आणि अंग थंड होतं. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो तोही याच नियमावर. समुद्राजवळच्या दमट हवेत घाम उडतच नाही, नुसता गळत राहतो. पस्तीसमध्येही माणूस उकडलेल्या शेंगेसारखा होतो. म्हणून डोक्याला ओला दुपट्टा बांधून तिथं काही उपयोग नाही. सावली, टोपी, माणशी तीन-चार लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पुडी जवळ ठेवावी. दुपारनंतर पाऊसही येऊ शकतो. छत्री उघडून मागच्यांच्या शिव्या खाण्यापेक्षा शेतातला प्लास्टिकचा घोंगता बरा.

आता शर्यत. शुक्रवारी सराव आणि पात्रता, शनिवार-रविवारी शर्यती. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मुख्य सरळ पट्टीसमोरच्या गॅलरीत बसावं. तिथून गाड्या सुटताना दिसतात आणि पिट, म्हणजे गाड्यांची डागडुजी होते ती जागाही, दिसते. गाड्या एक गरम फेरी मारून रांगेत उभ्या राहतात, लाल दिवे लागतात, विझतात आणि सुटतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक करायचं नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता घसरडा. काळ्यावर नारिंगी गोळा ज्याला दाखवतात त्याच्या गाडीत बिघाड आहे, त्यानं बाहेर निघायचं. एका जागी बसून सहा फेऱ्या पाहायच्या म्हणजे गाड्यांचा घोळका सहा वेळा डोळ्यांपुढून सुर्रकन जाणार, एकूण अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्याला शेवटी रिकामा रस्ता आणि समोरच्याचा कान मिळतो.

पाहायची गोष्ट वेगळीच आहे. या १६५ सीसीच्या वर्गातल्या गाड्यांची ताकद जवळपास सारखी, त्यामुळं कोणी सहज सुटून जात नाही. पुढचा हवा कापतो, मागचा त्याच्या आडोशाला कमी जोरात तेवढाच पळतो आणि सरळ पट्टीच्या शेवटी बाहेर निघून पुढं सटकतो. एसटीच्या मागं गाडी लावून उलट्या वाऱ्यात घरी आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. (ते करू नका. एसटी कधी थांबेल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं.) म्हणून शेवटच्या फेरीत पहिला असणं हे दर वेळी सुखाचं नसतं. शर्यत संपल्यावर पिटकडं जाता आलं तर गाडी जवळून पाहावी. आरसे, दिवे, इंडिकेटर काढलेले असतात. ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेनं आवळलेला असतो, कारण तो थरथरून सुटला आणि तेल रस्त्यावर सांडलं तर मागचे सगळे घसरतील. आपल्या मिस्त्रीची तार शेवटी नियमात बसली, एवढ्यासाठीही चेन्नई गाठायला हरकत नाही.

निकाल लगेच पक्का धरू नये. आधी तात्पुरता लागतो. गाड्या उघडून तपासतात, हरकती येतात, कधी पहिला आलेला बाद होतो. ग्रामपंचायतीची मोजणी पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

परत आल्यावर प्रश्न ठरलेले असतात. पहिला असा, ‘‘मायलेज किती देते ते गाडी?’’ याला उत्तर देऊ नये, चर्चा रात्री अकरापर्यंत जाते. दुसरा आबाजींचा असतो, खाटेवरून.

‘‘पहिला आला त्याले काय भेटलं?’’

‘‘ट्रॉफी, आबाजी.’’

‘‘बस? आपल्या पटात तं बैलजोडीले मोटारसायकल भेटते.’’

‘‘हो, पण यांच्यात कोणी बैलजोडी देत नाही.’’

‘‘मंग गाडी तरी त्याचीच राह्यली असंन?’’

‘‘बऱ्याच जणांची गाडी टीमची असते, आबाजी. चालवणारा फक्त चालवतो.’’

आबाजी थोडा वेळ तंबाखू मळत राहतात.

‘‘म्हंजे धुरकरीच की तो. जोडी दुसऱ्याची, हातपाय याचे.’’