बंद लेयर म्हणजे नको असलेला लेयर? अजिबात नाही

आर्कमॅप, क्यूजीआयएससारखी नकाशे बनवायची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सगळीकडे फिरतोय: मॅपमधले जे लेयर (नकाशाचे थर) टिक नाहीत, म्हणजे बंद आहेत, ते पाच ओळींच्या पायथन स्क्रिप्टने उडवून टाका, डेटाला काही होत नाही, फाइल हलकी होते आणि मॅप फास्ट चालतो. आर्कमॅपचा सपोर्ट १ मार्च २०२६ पर्यंतचाच, म्हणून जुने एमएक्सडी (आर्कमॅपच्या मॅप फाइल) साफ करून नव्या आर्कजीआयएस प्रोमध्ये न्यायची घाई आहे हे कळतं, पण हा सल्ला डोळे झाकून वापरलात तर पस्तावाल.

पहिला मुद्दा, "बंद म्हणजे नको". टिक फक्त एवढंच सांगते की आत्ता स्क्रीनवर काय दिसतंय. क्यूजीआयएसमध्ये एकाच साच्यातून अनेक पानांचे नकाशे काढणाऱ्या अ‍ॅटलासचा कव्हरेज लेयर (कुठल्या भागाचं पान काढायचं ते ठरवणारा) बऱ्याचदा मुद्दाम बंद ठेवलेला असतो आणि तो गेला की अ‍ॅटलासच गेला, आर्कमॅपमधल्या डेटा ड्रिव्हन पेजेस या तशाच सोयीच्या इंडेक्स लेयरचंही तेच. त्याहून वाईट म्हणजे एक्स्प्रेशन, म्हणजे लेबलात काय यायचं ते ठरवणारं सूत्र. समजा प्लॉटच्या लेबलमध्ये गेट_फीचर हे फंक्शन वापरून मालकाचं नाव दुसऱ्या, बंद ठेवलेल्या टेबलमधून येतंय. ते टेबल काढलं की लेबलं नुसती गायब होतात, कुठलाही एरर बॉक्स उघडत नाही, आणि हे कळतं कधी तर प्रिंट हातात आल्यावर. मॅप थीममध्ये (कुठले लेयर चालू, कुठले बंद याच्या जतन केलेल्या संचात) चालू असलेला लेयर सध्याच्या व्ह्यूमध्ये बंद असू शकतो, तोही यातच सापडतो.

आणि ग्रुपचं काय? आर्कमॅपच्या आर्कपाय या पायथन लायब्ररीत व्हिजिबल ही प्रॉपर्टी त्या लेयरची स्वतःची टिक सांगते, वरचा ग्रुप बंद आहे का ते नाही. म्हणजे बंद ग्रुपमधला टिक केलेला लेयर स्क्रिप्टला "चालू" वाटतो, पण तीच स्क्रिप्ट बंद ग्रुप काढते तेव्हा आतले सगळे लेयर सोबत जातात, टिक असो नसो. मग तपासलं काय आणि काढलं काय?

"डेटाला काही होत नाही" हे अर्धं खरं. शेपफाइल किंवा जिओडेटाबेस, म्हणजे मूळ डेटाची फाइल, डिस्कवर तसाच राहतो, मान्य. पण सिम्बॉलॉजी (रंग-चिन्हं), लेबलची सेटिंग्ज, जॉइन (दुसऱ्या टेबलशी जोडणी), फिल्टर हे सगळं मॅप डॉक्युमेंटमध्ये असतं आणि लेयरसोबत तेही जातं. शिवाय क्यूजीआयएसचा टेम्पररी स्क्रॅच लेयर मेमरीतच असतो, तो काढला की डेटाच संपला.

"फास्ट होतो" यात थोडं तथ्य आहे. बंद लेयर ड्रॉ होत नाही, त्यामुळे झूम-पॅनला फरक जवळपास शून्य. उघडताना मात्र तुटलेले नेटवर्क पाथ आणि डेटाबेस कनेक्शन शोधण्यात वेळ जातो, मग टिकच्या मागे कशाला लागायचं, सोर्स तुटलाय का ते सांगणारी इझब्रोकन ही प्रॉपर्टी तपासा ना! साइजचं म्हणाल तर एमएक्सडीमध्ये फक्त पाथ आणि सेटिंग असतात, डेटा नाही, आणि परत परत सेव्ह करून फुगलेली फाइल नुसत्या सेव्ह अ‍ॅजनेही बारीक होते.

राहिल्या पाच ओळी. आर्कपायचं लिस्टलेयर्स हे फंक्शन ग्रुप आणि त्याच्या आतले लेयर एकाच सपाट यादीत देतं, म्हणून आधी ग्रुप गेला की पुढे त्याच्या आतल्या लेयरवर स्क्रिप्ट आपटते. लेयर काढणाऱ्या रिमूव्हलेयरला डेटा फ्रेम (एमएक्सडीमधली मॅपची चौकट) द्यावी लागते, एकाहून जास्त फ्रेम असतील तर आणखी एक लूप आला. सुटी टेबलं या यादीत येतच नाहीत, ती वेगळी मागवायची. आणि शेवटी सेव्ह लिहिलंत तर मूळ फाइलवरच लिहिलं जातं, अनडू वगैरे काही नाही, तिथे वेगळी प्रत लिहिणारं सेव्ह-अ-कॉपीच हवं.

मी स्क्रिप्टच्या विरोधात नाही हां, शंभर फाइल हाताने कोण साफ करणार. पण पहिल्या रनमध्ये काढू नका, नुसती यादी छापा: लेयरचं नाव, कुठल्या ग्रुपमध्ये, सोर्स तुटलाय का, लेआउट किंवा थीममध्ये वापरलाय का. ती यादी ज्याने मॅप बनवलाय त्याला दाखवा, आणि त्याने ज्यांच्यापुढे "काढा" लिहिलंय तेवढेच लेयर दुसऱ्या रनमध्ये काढा.