वळिवडे, गांधीनगर आणि माझं सॉदरतेल्ये

दादाने परवा घरच्या ग्रुपवर लिहिलं, "स्वीडनने निर्वासित घेऊन स्वतःचं वाटोळं करून घेतलं. आपण महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पोलिश लोकांना सांभाळलं, पण ती माणसं सभ्य होती. ज्याने त्याने आपापली माणसं बघावीत." खाली भराभर अंगठे. मी पेंडेलतोगमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये होते. दोन स्टेशनं गेली तरी माझा राग उतरला नाही.

मी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमजवळच्या सॉदरतेल्येत राहते. 2003 मध्ये अमेरिका इराकमध्ये शिरली. पुढे बगदाद-मोसुलची ख्रिस्ती कुटुंबं जीव मुठीत धरून निघाली आणि आमच्या गावात आली, कारण त्यांचे अश्शूरी (मध्यपूर्वेतले ख्रिस्ती) भाईबंद इथे साठच्या दशकापासून होते. स्वीडनने त्या स्वारीला फौज दिली नव्हती. आणि अमेरिकेने 2006 च्या आर्थिक वर्षात इराकी निर्वासित घेतले किती, तर 202! 2008 मध्ये आमचे तेव्हाचे नगरप्रमुख आन्देर्स लागो वॉशिंग्टनला गेले आणि तिथल्या लोकप्रतिनिधींना तोंडावर सांगून आले, की अमेरिका आणि कॅनडा मिळून घेतात त्याहून जास्त इराकी आमच्या एका गावाने घेतलेत. नंतर अमेरिकेने आकडा वाढवला, हे खरं. पण ज्याने घर पाडलं त्याने निदान ओसरी तरी द्यावी, आणि तीही वेळेवर.

दादा म्हणेल, तुमच्याकडे गोळीबार होतात. होतात. आमच्याच गावातल्या रोन्ना वस्तीत झालेत, आणि त्या रात्री मीही मुलीला खिडकीपासून लांब झोपवलं आहे. पण त्याच रोन्नातली नर्स माझ्या सासूबाईंच्या आजारपणात रात्रभर उशाशी बसली होती, हे ग्रुपवर कोण लिहिणार?

आणि वळिवड्याचा अभिमान मलाही आहे. 1943 ते 1948 पाचेक हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरच्या मातीत राहिली. मात्र त्यांचा बराचसा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं, हे दादा कधी सांगत नाही. ती गेल्यावर त्याच जागेत फाळणीत घर गमावलेले सिंधी आले, त्याचं गांधीनगर झालं, आणि दादाच्याच लग्नाचा बस्ता आम्ही तिथे बांधला. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, ही माणसं आपली का?

आपल्या फौजेचं काय? 1987 ते 1990 आपली शांतिसेना श्रीलंकेत होती. ती परतली, तिथे पुन्हा युद्ध पेटलं आणि तमिळ कुटुंबं होड्यांतून रामेश्वरमला उतरली. तमिळनाडूच्या छावण्यांत आज त्यांची नातवंडं वाढताहेत. 2019 च्या नागरिकत्व कायद्यात श्रीलंकेचं नाव नाही. मला तरी ते देणं अजून फिटलेलं वाटत नाही.

एवढं सगळं दादाला लिहायला घेतलं आणि हात थांबला. 2015 मध्ये इथे एक लाख त्रेसष्ट हजार माणसांनी आश्रय मागितला आणि नोव्हेंबरात सरकारने दार आवळलं, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मुलीच्या शाळेसाठी आम्ही घरही बदललं. कुणाला कारण सांगितलं नाही.

गेल्या डिसेंबरात ऑफिसच्या यूलबूर्डला, म्हणजे नाताळच्या जेवणाला, समोरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही इराकच्या का? मी घाईघाईने म्हणाले, "नाही, नाही, भारत. मी इंजिनिअर म्हणून आलेय." दादाच्या 'सभ्य'पेक्षा ते वेगळं नव्हतं. शेजारी मोसुलचा सहकारी बसला होता. तोही इंजिनिअर, माझ्याआधी सहा वर्षं इथे आलेला. तो बटाटा सोलत राहिला. मग हेरिंगची बशी त्याने माझ्यापुढून उचलून पलीकडे ठेवली, कारण मी मासे खात नाही हे त्याला ठाऊक होतं.