दगडाचा अर्थ सांगा (गुण ५)

गेल्या रविवारी मी २५०० रुपये भरून सिनेमा बघायला शिकलो. त्याआधी ४६ वर्षं नुसताच बघत होतो, डोळ्यांनी.

‘रसास्वाद शिबिर’ असं भारदस्त नाव. सकाळी पोहे आणि ओळखपरेड, दुपारी जेवण (जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोला), संध्याकाळी सर्टिफिकेट. म्हणजे आता मी सर्टिफाइड रसिक आहे, तर तुम्हालाही चार गोष्टी फुकटात सांगून टाकतो. वही काढा.

सगळ्यात आधी हे पाठ करा की पडद्यावर जे दिसतं ते ते नसतं. छत्री दिसली तर ती छत्री नाही. बाईनं खिडकी उघडली तर ‘उकडत असेल’ असं चुकूनही म्हणायचं नाही. मी म्हणालो. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की सातवीत गृहपाठाची वही घरी राहिली होती त्या दिवसाची आठवण झाली. खिडकी म्हणजे मुक्ती. दार म्हणजेही मुक्ती, पण कडी लावलेली असेल तर घुसमट, आणि अर्धवट उघडं असेल तर ‘लिमिनल स्पेस’, हे मी वहीत लिहून घेतलंय, अर्थ तुम्हाला कळला तर मलाही कळवा.

रंगांचा तक्ता जवळ ठेवा. लाल म्हणजे प्रेम, नाहीतर हिंसा, नाहीतर क्रांती, तिन्हीपैकी एकात बसतंच. पांढरा म्हणजे पावित्र्य किंवा वैधव्य, नटीचं वय बघून ठरवा. निळा म्हणजे उदासी. (दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला रस्तेच्या रस्ते निळे होतात अशा राज्यात बसून निळा म्हणजे उदासी. असो. तिकडे येतोच.)

पाऊस आला की ‘कथार्सिस’ म्हणा.

आरसा आला की काहीच म्हणू नका, फक्त मान हलवा.

आमच्या आजीला यातलं काही कोणी शिकवलं नव्हतं. पडद्यावर समई फडफडली की म्हातारा गेला हे तिला कळायचं, समई विझायच्या आत पदर डोळ्याला लागलेला असायचा. दोन फुलं एकमेकांवर डोलायला लागली की आम्हा पोरांना पाणी आणायला पिटाळायची. पिंडाला कावळा शिवेना म्हणजे काय, हे तर तिला सिनेमानं सांगायचीही गरज नव्हती. पण याला ‘मोटिफ’ म्हणतात हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, त्यामुळे तिचा रसास्वाद बाद.

आणखी एक पथ्य म्हणजे लिहिणाऱ्याला कधीही विचारायला जायचं नाही. १९६३ साली अमेरिकेत १६ वर्षांच्या एका पोरानं हा आगाऊपणा केला होता. इंग्रजीच्या तासाला प्रतीकं शोधून वैतागला आणि त्यानं १५० लेखकांना सरळ पत्रं टाकली, की हे सगळं तुम्ही मुद्दाम पेरता का हो? निम्म्या लोकांनी उत्तरं दिली. रे ब्रॅडबरीनं कळवलं की मी जाणूनबुजून कधीच पेरत नाही. हेमिंग्वेनं तर त्याच्याही आधी, १९५२ साली, ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ कादंबरीतल्या त्याच्या त्या म्हाताऱ्या कोळ्याबद्दल एका पत्रात लिहून टाकलं होतं की समुद्र म्हणजे समुद्र, म्हातारा म्हणजे म्हातारा, शार्क म्हणजे शार्क. आता लेखक लोक थापाही मारतात, हेमिंग्वे पण मारत असणार, पण त्याचं म्हणणं इतकंच असावं की आधी तो मासा धड मासा तरी होऊ द्या, मग काय ते बघू.

आता महत्त्वाचं. पॉझ. रिमोट हातात ठेवा आणि ऐन मोक्याला दाबा. आम्हाला सत्यजित रायचा ‘पथेर पांचाली’ दाखवला, १९५५ चा. दुर्गावर शेजारणीनं मण्यांची माळ चोरल्याचा आळ घेतलेला असतो, त्यावरून आईनं तिला केसाला धरून घराबाहेर काढलेलं असतं, ती मी नाही घेतली म्हणते ते शेवटपर्यंत. मग ती मरते. पुढे घर सोडायच्या आवराआवरीत तिच्या धाकट्या भावाला, अपूला, वरच्या फळीवर एका वाडग्यात ती माळ सापडते. तो कोणाला काही बोलत नाही, पळत जातो आणि तळ्यात भिरकावतो. वरचं शेवाळ फाटतं, मधे पाण्याचं काळं भोक पडतं, आणि ते भोक हळूहळू, आपल्या डोळ्यादेखत, परत बुजत जातं. बस. एक संवाद नाही. बहिणीची चोरी भावानं झाकली, तळ्यानं झाकली, आणि भोक बुजेपर्यंत श्वास रोखून बघणारे आपणही त्या लपवालपवीत सामील झालो, गरिबीबद्दल याहून जास्त काय सांगायचं असतं? पण त्यासाठी ते भोक बुजू द्यावं लागतं ना! सरांनी ते अर्धं बुजलेलं असताना पॉझ केलं आणि विचारलं, ‘पाणी कशाचं प्रतीक आहे?’

मागून कोणीतरी म्हणालं, गर्भाशय.

सर खूश. बोर्डावर लिहिलं.

ठीक आहे म्हटलं, २५०० रुपये दिलेत, गर्भाशय तर गर्भाशय. जेवलो. दुपारी नागराज मंजुळेचा ‘फँड्री’.

आता इथली टीप नीट ऐका कारण हीच खरी विद्या आहे. सिनेमा तुमच्या तोंडावर येऊन काही बोलायला लागला की ताबडतोब प्रतीकं शोधायला लागा. ती काळी चिमणी घ्या. एका बाई म्हणाल्या, चिमणी म्हणजे अप्राप्य सौंदर्य. अहो, जब्या कैकाड्याच्या घरचा पोरगा आहे, शालू वरच्या जातीची, तिनं आपल्याकडे एकदा बघावं म्हणून त्या गावात त्याच्याकडे करण्यासारखं काहीही नाही, बोलायची सोय नाही, मग उरतं काय तर काळी चिमणी मारून तिची राख शालूच्या अंगावर टाकायची, म्हणजे ती वश होते म्हणे. पोरगा गलोल घेऊन रानोमाळ फिरतोय ते त्याला दुसरा रस्ताच ठेवलेला नाही म्हणून. ही चिमणी आधी त्याची गरज आहे, मग तुमचं प्रतीक. जब्याचं घर ज्याला धरायला धावतंय ते डुक्कर कोंडीत सापडतं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे ताठ उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं, तर हॉलमध्ये काय चर्चा? साउंड डिझाइन. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, आणि त्यांच्या समोरून घरची माणसं काठीला उलटं टांगलेलं डुक्कर घेऊन चाललीत. ‘फ्रेमचं काँपोझिशन बघा.’ बघतोय!

मग शेवट आला. ज्या पोरीसाठी चिमणी शोधली ती पण हसणाऱ्यांत आहे, सगळं गाव मजा बघतंय, जब्या दगड उचलतो आणि शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. पॉझ. ‘दगड कशाचं प्रतीक आहे?’

तारुण्याचा उद्रेक. पुरुषसत्ता. अस्तित्ववाद. चौथी भिंत. एकानं तर पाषाणयुग पण म्हटलं. पाऊण तास! चाळीस माणसं, पाऊण तास, आणि जात हा दोन अक्षरी शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर, म्हणजे सिनेमानं ते नावातच आणून ठेवलंय, तरी नाही.

शेवटच्या रांगेतून एक पोरगा उठला. म्हणाला, ‘सर, तो दगड आपल्याला मारलाय.’

सर म्हणाले, ‘छान. पण ते जरा वरवरचं झालं. अजून खोल जा.’

खोल? कुठे खोल जायचंय हो तुम्हाला? दगड कपाळावर बसलाय आणि तुम्ही त्याची भूगर्भरचना तपासताय. लाज वाटू द्या थोडी. प्रतीक हे एखादी गोष्ट जास्त जोरात लागावी म्हणून असतं, ती लागू नये म्हणून मधे धरायची ढाल नाही ती. आणि तुम्ही वाचणारे हसू नका, तुम्हीही तेच करता, सिनेमा बघून आलात की ‘काय सिनेमॅटोग्राफी आहे’ म्हणता आणि विषय तिथेच मिटवता. मी पण त्या हॉलमध्ये गप्प बसलो होतो, चहा आला तेव्हा उठलो.

ग्रुपवर बोर्डाचा फोटो आलाय. अकरा अर्थ आहेत, मी मोजले. त्या पोराचा नाही.

सकाळच्या ओळखपरेडीत तो नुसतं पहिलं नाव सांगून खाली बसत होता. सरांनी हसत विचारलं, ‘पुढे?’ तो परत तेच नाव बोलला. ‘नाही, आडनाव, आडनाव.’ त्यानं सांगितलं. तेव्हा कोणी पॉझ केलं नव्हतं, तरी सगळ्या हॉलला अर्थ लागला होता.