बुरशी कशी जोपासावी

पावसाळा संपत आला, तरी आपल्या घरातील भिंतीवर अजून एकही काळा ठिपका उमटला नसेल, तर वाचकहो, आपले काहीतरी चुकत आहे. नौपाड्यातील एका चव्वेचाळीस वर्षांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहून मी या विषयात जे प्रावीण्य मिळवले आहे, ते स्वतःपाशीच ठेवणे बरे नव्हे. गेल्या आठवड्यात आईचा शालू कपाटातून बाहेर काढला, तेव्हा त्याच्यावर विणकराने कधीही न विणलेली पांढरट-हिरवी नक्षी उमटलेली होती. तेव्हा हे मार्गदर्शन अनुभवसिद्ध आहे, असे समजावे.

कपाट भिंतीला अगदी चिकटवून ठेवावे. मागे चार बोटे जागा सोडली, तर तेथे हवा खेळू लागते आणि बुरशीच्या संसाराची घडी विस्कटते.

धुतलेले कपडे बेडरूममध्ये दोऱ्या बांधून, खिडक्या लावून, पंख्याखाली वाळवावेत. एका बादलीच्या धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी सहज हवेत जाते. ते आपल्या घरातले पाणी असल्यामुळे घरातच राहिले पाहिजे.

भिंत वाळण्याची वाट न पाहता पुट्टी भरून वर चकचकीत रंग द्यावा. दिवाळीचे फोटो चांगले येतात आणि पोपडे संक्रांतीपर्यंत धीर धरतात.

बुरशी दिसताच ती कोरड्या फडक्याने जोरात झटकावी, म्हणजे तिच्या बीजाणूंना उरलेल्या खोल्याही पाहायला मिळतील. घरात कोणाला दमा असेल, तर त्यांना शेजारी बसवून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पाणी कोठून येते, याचा शोध कधीही घेऊ नये. शोध घेणे दुर्दैवाने फारच सोपे आहे: हातभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टी लावून ओल्या भिंतीवर दोन दिवस ठेवली आणि तिच्या खोलीकडच्या बाजूवर दव आले, तर पाणी हवेतले; भिंतीकडच्या बाजूला आले, तर पाणी भिंतीतले. इतका स्वस्त उपाय कोणत्याही प्रतिष्ठित ठेकेदाराला शोभत नाही. आमच्याकडे आलेल्या ठेकेदाराने भिंतीवर बोटाने तीनदा टकटक केले, कान लावला आणि ‘वरच्यांचे बाथरूम’ असा निकाल दिला. ते बाथरूम आमच्या या भिंतीच्या वर नाही, दुसऱ्या टोकाला आहे, हे मी नकाशा काढून दाखवले. तेव्हा ‘पाणी कसेही फिरते, साहेब’ हे उत्तर मिळाले आणि कार्यकारिणीने माना डोलावल्या. का डोलावणार नाहीत? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेचा, आणि संडास-बाथरूममधून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा असतो. कारण सापडले, की पैसे कोणी द्यायचे तेही सापडते. म्हणून आधी पैसे देणारा शोधायचा आणि मग त्याला शोभेल असे कारण ठरवायचे, ही आपली पद्धत आहे. वरच्या काकू एकट्या राहतात आणि कोणाशी भांडत नाहीत. त्यांच्या बाथरूमच्या फरशा फोडल्या, नहाणी ट्रॅप बदलला, वर कसलेसे केमिकल ओतले. बावीस दिवस काकू आंघोळीला आमच्याकडे येत होत्या, आणि ज्या भिंतीपायी हे सगळे चालले होते ती जशीच्या तशी ओली होती!

ती भिंत पहाटे ओली असे आणि दुपारी सुकत असे. धो-धो पावसाच्या दिवशी जेवढी ओल, तेवढीच उघडिपीच्या दिवशीही असे. गणपतीत शेजारचे कुटुंब आठ दिवस कोकणात गेले, तेव्हा ती खडखडीत वाळली. ती अर्ध्या विटेची भिंत आम्हा दोघांची सामाईक आहे आणि पलीकडे रात्रभर अठरा अंशांवर एसी चालतो, त्याचा झोत नेमका त्या भिंतीवर येतो. पावसाळ्यात खोलीत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. थंड देशांतील जुन्या घरांत बाहेरच्या हिवाळ्यामुळे भिंती गारठतात. आपण तो हिवाळा वीजबिल भरून विकत आणतो, एवढाच फरक. यात शेजाऱ्यांची काही लबाडी नाही, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले, त्याच रात्री त्यांनी झोत वळवला आणि एसी पंचवीसवर ठेवला.

पण कार्यकारिणीतल्या मंडळींनो, तुम्हाला मी हे ऑगस्टमध्येच लिहून दिले होते. फॉइल लावून दाखवतो म्हणालो, तेव्हा तुम्ही हसलात. एका वृद्ध बाईच्या घरात घण चालवण्याआधी दोन दिवस थांबणे तुम्हाला जमले नाही, आणि ओल गेल्यावर तिला साधे ‘चुकले’ म्हणणेही जमलेले नाही. तिचा खर्च संस्थेच्या निधीतून परत करा. हा अर्ज मी दुसऱ्यांदा देत आहे आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलणार नाही. आणि आपणही, वाचकहो, भिंतीवर डाग दिसला की वर बोट दाखवायला धावू नका. आधी स्वतःचे कपाट पुढे ओढा, खिडकी उघडा, दोरीवरचे कपडे गॅलरीत न्या. मीही हे फार उशिरा केले आणि शालू त्यातच गेला.

काकूंच्या बाथरूममध्ये सध्या अर्ध्या फरशा निळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या आहेत. तो निळा रंग आता बाजारात मिळत नाही.