पावसाळ्यातली ‘खाऊ नका’ची यादी आणि नागपूरचे ताट

मृग लागला की नागपुरातल्या घराघरांच्या व्हॉट्सॲप समूहांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. कुठल्यातरी ‘मोठ्या डॉक्टरां’च्या नावाने आलेल्या त्या मजकुरात पाच आज्ञा असतात: चार महिने पालेभाजीला हात लावू नका, पत्ताकोबीतली अळी मेंदूत जाते, म्हणून ती घरातच आणू नका, दही आयुर्वेदाने पावसाळ्यात निषिद्ध ठरवले आहे, ठेल्यावरचे तर्री-पोहे म्हणजे विष, आणि नळाला गढूळ पाणी आले तर तुरटी फिरवा, ते पिण्याजोगे होते. यांतल्या पहिल्या चार आज्ञा नको तिथे भीती घालतात आणि पाचवी, जिथे खरोखर काळजी घ्यायला हवी नेमकी तिथे, माणसाला निर्धास्त करते.

पालेभाजीपासून सुरुवात करू. विदर्भात पाल्याचा खरा हंगाम हाच असतो. पहिल्या चांगल्या पावसानंतर माळावर आणि रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो, त्यामागून कुरडू, घोळ आणि अंबाडी येते, परसातला धोपा, म्हणजे अळू, पानापानाने फुटू लागतो, आणि शहराच्या बाजारांत खेड्यांतून आलेल्या बाया काटवलांचे नि वास्त्यांचे, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांचे, लहान लहान ढीग मांडून बसतात. राज्याचा कृषी विभाग या दिवसांत रानभाजी महोत्सव भरवतो, तो काही लोकांना आजारी पाडण्यासाठी नव्हे. धोप्याची पाने घशाला खाजतात, त्याचे कारण त्यांतले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. म्हणूनच आपल्याकडे ती चिंच घालून आणि भरपूर शिजवून करण्याची रीत आहे. संदेशामागे तथ्य आहे ते एवढेच, की पावसाच्या माऱ्याने माती आणि नाल्याचे पाणी पानांवर उडते. जुडी सोडवून, मुळे कापून, पाणी बदलत तीन-चार वेळा धुतलेली आणि कढईत नीट शिजवलेली भाजी यातून सुटते. जी सुटत नाही ती वरून भुरभुरलेली कच्ची कोथिंबीर, म्हणजे आपला सांबार, आणि तिचा मात्र त्या यादीत उल्लेखही नसतो. रानात उगवणाऱ्या टेकोड्यांच्या, म्हणजे अळंबीच्या, बाबतीत भीती रास्त आहे. पिढीजात ओळख असलेल्या माणसाने खुडलेले नसतील तर ते घेऊ नयेत.

पत्ताकोबीच्या अळीची कथा अर्धसत्यावर उभी आहे आणि म्हणूनच ती खोडणे अवघड जाते. मेंदूत गाठी करणारा आजार खरा आहे, परंतु तो करणारा जीव पत्ताकोबीत दिसणारी हिरवी अळी नव्हे. ती अळी म्हणजे पतंगाचे किंवा फुलपाखराचे पिल्लू असते आणि चुकून पोटात गेलीच, तर किळस येण्यापलीकडे सहसा काही होत नाही. मेंदूत पोहोचतात ती डुकराच्या मांसातून माणसाला होणाऱ्या पट्टकृमीची पिल्ले. हा कृमी ज्याच्या आतड्यात आहे त्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, आणि मैलापाणी दिलेल्या शेतातून किंवा न धुतलेल्या हातांवरून ती कुठल्याही कच्च्या खाद्यावर येऊ शकतात. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे पाने उलगडून अळी शोधत बसण्याला काही अर्थ नाही. शिजवल्यावर मात्र ती मरतात. पत्ताकोबी सोडून त्याच शेतातला मुळा आणि गाजर कच्चे खाणारा माणूस स्वतःची फसवणूकच करत असतो.

दह्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ज्या आयुर्वेदाचा दाखला दिला जातो, त्यातल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दही बहुधा वर्ज्य सांगितले आहे ते शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत. त्या यादीत वर्षा ऋतू नाहीच. लोकांच्या मनात जी गल्लत होते ती चातुर्मासाच्या व्रताशी. त्या व्रतात पहिल्या महिन्यात शाक, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल धान्य सोडण्याचा नियम आहे. ज्यांना व्रत पाळायचे त्यांनी ते जरूर पाळावे, पण तो संयमाचा नेम आहे, औषधोपचाराचा नव्हे.

आता तर्री-पोहे, ज्यांच्यावर हे शहर सकाळ काढते. ठेल्यासमोर थोडा वेळ उभे राहून पाहिले तर धोका कुठे आहे हे आपोआप कळते. चण्याची लाल तर्री गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, खदखदत असते, आणि त्या उकळीत जंतू टिकत नाहीत. सगळ्या ठेल्यावर सर्वांत सुरक्षित वस्तू बहुधा तीच. अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवावे हा सर्वमान्य दंडक ती सहज पाळते. पोह्यांची परात मात्र आठ-नऊ वाजेपर्यंत कोमट होऊन जाते, आणि कोमट अन्न हेच जंतूंना मानवते. पहाटे चिरून ठेवलेला कांदा उघडा असतो. प्लेटा ज्या बादलीत बुचकळतात तिचे पाणी सकाळपासून बदललेले नसते, आणि नोटा मोजलेल्या हातानेच लिंबू पिळले जाते. ठेलेवाल्यांवर बंदी घालून यातले काहीच सुधारणार नाही. परात झाकलेली आणि गरम असावी, प्लेट वापरून फेकायची किंवा वाहत्या पाण्यात धुतलेली असावी, कांदा समोर चिरून द्यावा, एवढे गिऱ्हाईकाने मागितले तर निम्म्याहून अधिक काम होते.

राहिली तुरटी. तुरटीने पाण्यातला गाळ एकत्र येऊन तळाशी बसतो, पाणी नितळ दिसते, पण कावीळ, विषमज्वर आणि हगवण पसरवणारे जंतू त्यात भरपूर उरतात. नागपूरला पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी शुद्ध करूनच दिले जाते. बिघाड होतो तो बहुतेक वेळा वाटेत. पुरवठा थांबला की जलवाहिनीतला दाब उतरतो, आणि गटाराला लागून गेलेल्या गळक्या जोडातून घाण आत ओढली जाते. नळाला थेट टुल्लू पंप लावणारे लोक हेच ओढणे आणखी वाढवतात, आणि त्याचा भुर्दंड साऱ्या गल्लीला पडतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा पुरात जमिनीखालची टाकी बुडाली, तर तिच्यातले पाणी तुरटीने निवळून वापरणे म्हणजे मैलापाणी गाळून पिणे होय. ती टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने धुऊन मगच भरावी. एरवी गढूळ पाण्याला तुरटी जरूर लावावी, कारण गाळ असताना क्लोरीनचा बराच भाग वाया जातो. परंतु निवळलेले पाणी वरून काढून घेऊन त्यात क्लोरीनचे थेंब प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे, नाहीतर ते खळखळून निदान एक मिनिट उकळावे आणि त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्यावे.