मृगातला तेजोमेघ खरंच गुलाबी आहे

तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचा, रंगीत फोटो कुठेही आला की त्यामागोमाग एक मजकूर फिरतो. “हे रंग खोटे आहेत. दुर्बिणीतून पाहा, सगळं राखाडी दिसतं. कॅमेऱ्यातही काही उमटत नाही, नंतर कॉम्प्युटरवर रंग भरतात. नासासुद्धा तेच करते. म्हणून तर एकाच तेजोमेघाचे दहा जणांकडे दहा रंग.” यातलं दुर्बिणीबद्दलचं विधान खरं आहे, आणि त्याच्याच भरवशावर बाकीची खपून जातात.

दुर्बिणीतून राखाडी दिसतं, मान्य. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा एम ४२ हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर आहे. छोट्या दुर्बिणीतून तो धुरकट, फार तर किंचित हिरवट दिसतो. पण तो दोष आपल्या डोळ्याचा. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर प्रकाश लागतो. अंधारात काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंग कळत नाही. चांदण्यात अंगणातली जास्वंद काळपट दिसते, म्हणून ती लाल नाही असं कोणी म्हणत नाही.

‘कॅमेऱ्यात काही उमटत नाही’ हे तर सरळ चुकीचं. आकाशाबरोबर फिरून ताऱ्यांचा माग ठेवणाऱ्या माउंटवर (स्टँडवर) साधा डीएसएलआर लावा आणि एम ४२ कडे रोखून ३० सेकंदांचं एकच एक्स्पोजर घ्या. मागच्या पडद्यावर गुलाबी डाग दिसतो, कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय. तोही खऱ्यापेक्षा फिकाच असतो, कारण बाजारातल्या नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच ६५६.३ नॅनोमीटरचा, म्हणजे हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवते.

आणि हे रंग तेजोमेघांचे फोटो निघण्याच्याही आधी मोजले गेलेत. १८६४ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या यंत्रातून, पाहिला. त्यांना ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसला नाही, मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यातली ठळक हिरवी. ती कुठल्या मूलद्रव्याची हे कोडं १९२७ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी सोडवलं: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, ५००.७ नॅनोमीटरची. फोटोशॉप आलं १९९० मध्ये.

मग प्रोसेसिंगमध्ये आम्ही तेजोमेघांचे फोटो काढणारे हौशी लोक करतो काय? इथे थोडं थांबायला हवं, कारण गैरसमजाचं मूळ इथेच आहे. दोन-दोन मिनिटांच्या ६४ फ्रेम एकावर एक रचल्या की नॉइज, म्हणजे फोटोतले नको असलेले ठिपके, एका फ्रेमच्या तुलनेत आठपट कमी होतो. याला स्टॅकिंग म्हणतात. ही स्टॅक केलेली फाइल उघडली तर पडदा जवळजवळ काळा असतो, कारण तेजोमेघाची सगळी माहिती हिस्टोग्रामच्या (उजेड-अंधाराच्या आलेखाच्या) डाव्या, काळ्या कडेला चिकटलेली असते. ती ताणून वर आणली की आधी दिसतो शहराचा तपकिरी उजेड आणि सगळीकडे हिरवी झाक. सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे असतात, त्याचाही यात हात असतो. आधी शहराचा उजेड वजा करायचा, मग रंगांचा तोल साधायचा. हा तोल डोळ्यांच्या अंदाजाने साधायची गरज नाही. सिरिलसारखं मोफत सॉफ्टवेअर फोटोतले तारे ओळखतं, ताऱ्यांची मोजणी करणाऱ्या गाया उपग्रहाने मोजलेल्या त्यांच्या रंगांशी ताडून पाहतं आणि लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण ठरवतं. हिरवा तारा डोळ्याला कुठेही दिसत नाही. फोटोत तारे हिरवे दिसले तर चूक आपली.

मीही चुकलो आहे. सुरुवातीच्या एका फोटोत लाल इतका चढवला की एम ४२ च्या शेजारचा एनजीसी १९७७ हा तेजोमेघसुद्धा जांभळट झाला. तो खरा निळा, कारण तिथली धूळ जवळच्या ताऱ्यांचा प्रकाश विखुरते. कृत्तिकांभोवतीची निळाईही त्यातलीच. तो फोटो मी मूळ फाइलपासून पुन्हा केला. खोटे रंग असलेले फोटो आहेतच. पण त्यांचं खोटेपण दाखवता येतं, कारण ताडून पाहायला खरा रंग असतो.

नासाचं प्रकरण वेगळं. हबल अवकाश दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघाच्या प्रसिद्ध खांबांमध्ये गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही लालच चमकतात, एकाच लालात ते वेगळे कळले नसते. हा नकाशात ओळखीसाठी देतात तसा रंग आहे आणि तसं उघड सांगितलेलं आहे. वेब दुर्बिणीचा प्रकाश तर बहुतांश अवरक्त, डोळ्याला न दिसणारा. त्यात सहसा लांब तरंगलांबीला लाल आणि आखूडला निळा रंग देतात. आपल्यातले हौशी लोक हबलची रंगपद्धत वापरून खाली तसं लिहीत नाहीत, ही मात्र माझी खरी तक्रार आहे. लिहायलाच हवं.

राहिले दहा जणांचे दहा रंग. फिल्टर वेगळे, कॅमेरे वेगळे, रंग किती गडद ठेवायचा याची आवड वेगळी. पण साध्या रंगीत कॅमेऱ्याने काढलेले आणि ताऱ्यांवरून तोल साधलेले दहा फोटो शेजारी ठेवा. दहाही फोटोंत एम ४२ चा बाहेरचा पिसारा गुलाबी-लाल, गाभ्याकडे निळसर-हिरवी झाक आणि वरचा एनजीसी १९७७ निळा, असंच सापडेल.